हाय, धसका आणि हृदयविकार

आपल्या मराठवाड्यांत एखादा धडधाकट मनुष्य मोठा आघात होऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, म्हणजे घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, “त्यानें हाय खाल्ली.” पोराचा मृत्यु, सावकाराची निकड, काढणीस आलेल्या पिकावर पडलेली गार, निमित्त कोणतेंही असो, पुढची सारी हकीकत या दोन शब्दांत आटोपते. कोणाविषयीं म्हणतात कीं त्यानें धसका घेतला. कोणाच्या जिवाला घोर लागलेला असतो, तर कोणाच्या काळजाचा ठोका चुकतो. काळीज आणि काळजी हे दोन शब्द तर कानाला सख्ख्या भावंडांसारखेच वाटतात. शिकल्यासवरल्या लोकांना या बोलण्याचें पूर्वीं हंसूं येत असे. हृदय म्हणजे रक्त ढकलणारा एक स्नायु, त्याला दुःखाशीं काय कर्तव्य, असा त्यांचा सवाल असे. गेल्या अर्धशतकांतील संशोधन वाचून पाहिलें, तर हंसणाऱ्यांवरच विचार करण्याची पाळी येते. तथापि लोकांची समजूत जशीच्या तशी खरी ठरली, असेंही नाहीं. ती कोठपर्यंत खरी आणि कोठें फसवी, एवढेंच येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. त्यास सेकंदांचा कांटा असलेलें घड्याळ पुरे. स्वस्थ बसलें असतां डाव्या मनगटावर, आंगठ्याच्या बाजूस, उजव्या हाताचीं दोन बोटें हलकेच टेकवून एका मिनिटांत नाडीचे किती ठोके पडतात तें मोजावें. शाळकरी मुलाचे ते बहुधा ७० ते १०० यांच्या दरम्यान भरतील. मग वार्षिक परीक्षेच्या दिवशीं, प्रश्नपत्रिका हातीं पडण्यापूर्वीं, तेच ठोके पुन्हां मोजावे. मुलगा बांकावर बसून आहे, धांवलेला नाहीं, ओझें उचललेलें नाहीं. तरी आंकडा वाढलेला दिसतो. हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पोटांत खड्डा पडल्यासारखें होतें. नुसत्या विचारानें हृदयाची चाल बदलते, याचा पुरावा याहून सोपा मिळणार नाहीं.

हें कसें घडतें याचा उलगडा अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत केला. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली एकेक लहान ग्रंथि असते. भीति किंवा संताप उत्पन्न होतांच मेंदूकडून तिला इशारा जातो आणि ती ॲड्रिनॅलीन नांवाचा रस रक्तांत सोडते. त्यासरशीं हृदय जोरानें धडधडूं लागतें, रक्ताचा दाब चढतो, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त धांवतें. इतकेंच नव्हे, तर जखम झालीच तर रक्त फार वाहूं नये म्हणून तें लवकर गोठण्याच्या तयारींत राहतें. किनवटच्या सागवानी रानांत लांकडें आणावयास गेलेल्या मनुष्यापुढें वाघ उभा राहिला, तर यांतील एकेक गोष्ट त्याच्या उपयोगाची आहे. एक तर त्यानें झुंजावें, नाहीं तर पळावें. पण वाघ पांच मिनिटांत निघून जातो. बँकेची नोटीस निघून जात नाहीं. शरीराला मात्र दोहोंतील भेद कळत नाहीं, आणि सगळी अडचण येथूनच सुरू होते.

एकाएकीं बसलेल्या धसक्याचें काय होतें तें आधीं पाहूं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या भागांतील पालकांस विसरतां येणार नाहीं. आदल्या दिवशीं गणपति बोळवून लोक दमून निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या आसपास धरणी हादरली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें निजलेल्यांवर कोसळलीं, आणि सुमारें १०,००० माणसें प्राणांस मुकलीं. जे वांचले त्यांच्या मनाची काय अवस्था झाली, याचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीनें करण्यांत आला. त्याचे प्रमुख संशोधक डॉ. मोहन आगाशे यांना पुष्कळ वाचक नट म्हणूनच ओळखत असतील. ते मूळचे मनोविकारतज्ज्ञ होत. घर पुन्हां बांधून दिलें म्हणजे मनुष्य पुन्हां उभा राहतो असें नाहीं, ही गोष्ट सरकारदरबारीं गंभीरपणें घेतली जाण्यास हा भूकंप बऱ्याच अंशीं कारण झाला.

किल्लारीनंतर चार महिने भरण्यापूर्वींच, १७ जानेवारी १९९४ रोजीं, पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागांत तसाच मोठा भूकंप झाला. तेथें अकस्मात् झालेल्या प्रत्येक मृत्यूची सरकारी चौकशी होऊन दप्तरीं नोंद राहते. ती नोंद चाळून डॉक्टरांनीं पुढें जें प्रसिद्ध केलें, तें आम्हांस फार बोलकें वाटतें. भूकंपापूर्वींच्या आठवड्यांत रोहिण्यांच्या विकारानें एकाएकीं मरण पावणाऱ्यांची संख्या दर दिवसास सरासरीनें ४ ते ५ होती. भूकंपाच्या एका दिवशीं ती २४ झाली. यांतील फार थोड्यांनीं ढिगारे उपसण्यासारखे अंगमेहनतीचें काम केलें होतें, आणि पुष्कळांना पहिल्या तासाभरांतच दुखणें सुरू झालें होतें. म्हणजे भिंत अंगावर न पडतांही माणसें भीतीनें गेलीं. परंतु खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. त्यानंतरच्या दिवसांत असे मृत्यु नेहमींच्या सरासरीपेक्षांही कमी झाले. याचा अर्थ असा कीं, ज्यांच्या रोहिण्या आधींच आंतून अरुंद झाल्या होत्या, जे कदाचित् आज ना उद्यां जावयाचे, त्यांतील कांहीं त्या पहाटे एकदम ओढले गेले. धसक्यानें निरोगी हृदय सहसा थांबत नाहीं; दुखणाऱ्या हृदयाचा घडा तो भरतो. बरोबर एक वर्षानें, १७ जानेवारी १९९५ रोजीं, जपानांतील कोबे शहर हादरलें, तेव्हां वांचलेल्यांचा रक्तदाब कित्येक दिवस चढलेला राहिला आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढली, हें तेथील डॉक्टरांनीं प्रत्यक्ष मोजून दाखविलें.

धसक्याला भूकंपच पाहिजे असेंही नाहीं. २००६ सालीं जर्मनींत फुटबॉलचे जागतिक सामने झाले. जर्मनीचा संघ ज्या दिवशीं मैदानांत उतरे, त्या दिवशीं म्यूनिक शहराच्या परिसरांत हृदयाच्या दुखण्यासाठीं डॉक्टरांस तांतडीनें बोलावण्याचे प्रसंग इतर दिवसांच्या अडीचपटीहून अधिक येत. आपल्याकडे फुटबॉलच्या जागीं क्रिकेट घालावें, म्हणजे शेवटच्या षट्कांत आजोबांची गोळी कोणी विसरूं नये हें मुलांच्या ध्यानांत येईल.

रागाची गोष्ट याहून जुनी आहे. लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर हे देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांचे गुरु. त्यांना छातींत कळ येण्याचा विकार होता, आणि ती कळ चिडल्यावर हमखास येते हें त्यांनीं स्वतःच हेरलें होतें. आपला जीव आपणांस डिवचणाऱ्या कोणाही टवाळाच्या हातीं आहे, अशा अर्थाचें ते बोलत. १७९३ सालीं इस्पितळाच्या एका सभेंत वादावादी झाली. हंटर रागारागानें बाहेर आले आणि शेजारच्या खोलींत कोसळून गतप्राण झाले. त्यांचें शव तपासलें असतां हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. येथेंही पुन्हां तेंच दिसतें. राग हें निमित्त, रोहिण्या हें मूळ.

या नियमाला एक विलक्षण अपवाद मात्र आहे, आणि “काळीज फुटणें” या बोलण्याच्या तो फार जवळ जातो. १९९०च्या सुमारास जपानी डॉक्टरांनीं असे रोगी वर्णन केले कीं, ज्यांना सर्व चिन्हें हृदयविकाराच्या झटक्याचीं, पण तपासावें तर रोहिण्या मोकळ्या. हृदयाचा खालचा भाग तेवढा फुगून लुळा पडलेला, आणि वरची मान आवळलेली. अष्टपाद नांवाचा समुद्रप्राणी पकडण्यासाठीं जपानी कोळी अरुंद गळ्याचें व रुंद पोटाचें मडकें वापरतात, त्यास ताकोत्सुबो म्हणतात. हृदयाला तोच आकार आलेला पाहून विकारालाही तेंच नांव पडलें. हा विकार बहुतेक उतारवयाच्या स्त्रियांना होतो, आणि पुष्कळदां त्याच्या मागें नवऱ्याचा किंवा मुलाचा मृत्यु असा कांहीं घाव असतो. ॲड्रिनॅलीन व त्याच्या जातीच्या रसांचा एकाएकीं लोंढा येऊन हृदयाचे स्नायु बधिर होतात, असें मानण्यास सबळ आधार आहे. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत बरे होतात. पण सारे होत नाहींत.

आतां दुसरा प्रकार, जो आमच्या मतें किनवटसारख्या ठिकाणीं अधिक महत्त्वाचा आहे. तो म्हणजे महिनोन् महिने पोसलेली काळजी. ज्याचें सोयाबीन किंवा कापूस पावसाच्या खंडांत गेलें, ज्याच्यावर बियाण्याची उधारी, मुलीचें लग्न आणि पीककर्ज हीं तिन्ही एकाच वर्षीं आलीं, त्याच्या अंगांत तो मघांचा इशारा कधीं पुरा थांबतच नाहीं. कॉर्टिसोल नांवाचा दुसरा रस रक्तांत चढा राहतो. त्यानें रक्तांतील साखर वाढते, पोटावर चरबी सांचते, रक्तदाब चढतो. रोहिण्यांच्या आंतल्या अस्तराला सूक्ष्म दाह होऊन मेदाचा थर धरूं लागतो. हा झाला आंतला मार्ग. बाहेरचा मार्ग सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. झोंप येत नाहीं म्हणून तंबाखूची चिमूट, विसर पडावा म्हणून मोहाची दारू, “आतां कशाला” म्हणून बंद पडलेली रक्तदाबाची गोळी. काळजीनें रोग झाला कीं तंबाखूनें, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पुष्कळदां तंबाखूची पुडी काळजीच्याच हातांत असते.

मूळचे केरळचे, पुढें कॅनडांत स्थायिक झालेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालीं ५२ देशांतील सुमारें ३०,००० माणसांची पाहणी होऊन २००४ सालीं तिचे निष्कर्ष बाहेर आले. भारतीय रोगीही तिच्यांत होते. तंबाखू, रक्तांतील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशा नऊ गोष्टींनीं पहिल्या झटक्याचा बहुतेक सारा धोका समजून घेतां येतो असें तींत दिसलें. आणि त्या नऊंपैकीं मनावरील ताण ही एक असून तिचा वाटा एकतृतीयांशाच्या घरांत निघाला. झटका येऊन गेल्यावर ताणाविषयीं विचारलें, तर मनुष्य थोडें वाढवून सांगण्याचा संभव असतो. ही सूट देऊनही वाटा लहान ठरत नाहीं. त्याच पाहणींत आणखी एक गोष्ट आढळली. भारत व आसपासच्या देशांतील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षां सुमारें पांच-सहा वर्षें आधीं येतो, म्हणजे मुलें अजून शाळेंत असतांनाच.

काळजी आणि विषाद हीं दोन एक नव्हेत, हें येथें सांगितलें पाहिजे. काळजी करणारा मनुष्य निदान कांहीं तरी करूं पाहतो. विषादांत सांपडलेल्याची करण्याची इच्छाच मावळते. गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. अर्जुनाचें अंग कांपतें, तोंड सुकतें, हातांतलें गांडीव गळून पडतें; मनाचें दुखणें शरीरांत उतरल्याचें इतकें नेमकें वर्णन क्वचितच आढळेल. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें हें उदासपण दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज टिकलें, आवडत्या गोष्टींत रस उरला नाहीं, झोंप व भूक बिघडली, थकवा जाईना, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागलें किंवा मरणाचे विचार येऊं लागले, तर तो आजार समजावा. आपल्याकडचे लोक “मला विषाद झाला” असें म्हणत नाहींत. ते म्हणतात, डोकें जड आहे, हातपाय गळाले, छातींत धडधडतें. म्हणून रोग पुष्कळदां ओळखलाच जात नाहीं.

आणि हा आजार हृदयाशीं दोन्ही बाजूंनीं जोडलेला आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पांच रोग्यांपैकीं सुमारें एकाला विषाद जडतो. १९९३ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथील संशोधकांनीं झटक्यांतून वांचलेल्या २२२ रोग्यांवर सहा महिने लक्ष ठेवलें. ज्यांना विषाद होता, त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांच्या चौपटीच्या घरांत निघालें, आणि हृदय मुळांतच किती दुबळें होतें हा हिशेब धरूनही तो फरक उरला. पुढच्या मोठ्या पाहण्यांत हा आंकडा दुपटीच्या आसपास आला. पण नाहींसा झाला नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत या विषयावर सर्वांत मनमोकळें लिहिलें तें गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनीं. आदिवासी भागांतील बालमृत्यु कमी करण्याच्या कार्यांत गढलेल्या या डॉक्टरांना १९९५ सालीं, वयाच्या ४४व्या वर्षीं, हृदयविकाराचा झटका आला. जो इतरांचें आरोग्य सांभाळतो, त्यालाच हा रोग कां व्हावा, या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनीं “माझा साक्षात्कारी हृदयरोग” या पुस्तकांत केला. आहार आणि व्यायाम यांबरोबरच मनावरचा ताण, सततची घाई, आपण स्वतःशींच लावलेली शर्यत यांचाही झाडा त्यांत घेतलेला आहे. ज्या घरांत हा आजार शिरला आहे, तेथें तें वाचलें जावें.

उपचारांविषयीं बोलतांना अतिशयोक्ति होऊं नये, असें आम्हांस वाटतें. मन प्रसन्न ठेवा म्हणजे हृदयाचा रोग बरा होईल, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षांत २००३ सालीं अमेरिकेंत सुमारें २,५०० रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत समुपदेशनानें विषाद कमी झाला, परंतु मृत्यु व दुसरे झटके कमी झाले नाहींत. उलट २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कोरियांतील एका लहान प्रयोगांत विषादावरील औषध घेतलेल्यांना पुढील आठ वर्षांत हृदयाचे गंभीर प्रसंग कमी आले. भारतांतील २४ रुग्णालयांत जवळजवळ ४,००० रोग्यांवर योगासनांचा व ध्यानाचा प्रयोग झाला. २०२०मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांप्रमाणें झटके व मृत्यु निश्चितपणें घटल्याचें सिद्ध झालें नाहीं, पण रोगी लवकर आपापल्या कामाला लागले व त्यांना अधिक बरें वाटूं लागलें. विषादाचा उपचार विषादासाठींच करण्याजोगा आहे. त्यानें हृदयाचें भलें झालें तर तो लाभ वरकड. हृदयरोग्यांस चालतील अशीं औषधें आहेत, पण तीं डॉक्टरांनींच निवडावीं, आणि बरें वाटतांच तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत.

उपदेशाचा डोस मात्र विषादावर चालत नाहीं. पवित्र शास्त्रांतील एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून रानांत एका झुडपाखालीं पडला आणि मरण मागूं लागला. देवदूतानें त्याला धैर्याचें व्याख्यान दिलें नाहीं. त्यानें त्याला भाकर आणि पाणी दिलें, निजूं दिलें, आणि पुन्हां उठवून पुन्हां खावयास घातलें; पुढच्या वाटेचें बोलणें त्यानंतर. खचलेल्या मनुष्याला “धीर धर, इतरांकडे बघ” असें ऐकविणाऱ्या आप्तांनीं हा क्रम ध्यानांत घेतला तर बरें.

किनवटांत दोन चुका घडतांना आम्ही ऐकतों, आणि दोन्ही जिवावर बेततात. पहिली चूक अशी कीं, घरांतील बाईच्या छातींत दुखूं लागलें तर “गॅस असेल, मनाला लावून घेतलें असेल” म्हणून ओवा-सोडा देऊन निजविणें. छातींत जड दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकीं कांहीं झालें, तर तें मनाचें कीं हृदयाचें हें घरीं बसून ठरवूं नये. स्त्रियांमध्यें व मधुमेहाच्या रोग्यांमध्यें तर कळ नसून नुसती धाप किंवा गळाठा असूं शकतो. नांदेडचें मोठें रुग्णालय येथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ताबडतोब बोलवावी आणि हृदयाचा आलेख जवळच्या सरकारी दवाखान्यांत आधीं काढून घ्यावा. गुठळी विरघळविणारें औषध जितकें लवकर मिळेल तितका हृदयाचा अधिक भाग वांचतो. दुसरी चूक याच्या उलट. आलेख चांगला निघाला, डॉक्टर म्हणाले हृदय ठीक आहे, म्हणजे “कांहीं झालेलें नाहीं, सोंग आहे” असें म्हणून मनुष्याला पुन्हां एकटें सोडणें. हृदय ठीक असेल. मनुष्य ठीक आहे असें त्या कागदावर लिहिलेलें नसतें.

मराठवाडा व विदर्भ यांतील १४ जिल्ह्यांत २०१५च्या सुमारास सरकारनें शेतकऱ्यांसाठीं “प्रेरणा प्रकल्प” सुरू केला; आशा कार्यकर्तीनें घरोघर जाऊन कोण खचला आहे तें विचारावें, अशी त्याची योजना होती. त्यामागची कल्पना आम्हांस पटते, कारण आपल्याकडचा बाप आपण होऊन डॉक्टरकडे जाऊन “मला झोंप येत नाहीं” असें सांगत नाहीं. तें बहुधा मुलांच्या किंवा त्यांच्या आईच्या लक्षांत येतें: बाबा जेवणावरून उठतात, अंगणांत रात्रभर फेऱ्या घालतात, बोलेनासे झाले. अशा वेळीं मोठ्या मुलांनीं आईला, शिक्षकांना किंवा आशाताईंना सांगावें. हें चुगली करणें नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनीसेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसा व रात्रीं केव्हांही लावतां येतो, मराठींत बोलतां येतें, आणि पैसे पडत नाहींत.